कच्चं, शिजलेलं आणि पिशवीतलं

पारनेरात दवाखाना टाकला तेव्हा कुत्र्यांसाठी मी वेगळं टेबलसुद्धा घेतलं नव्हतं. शिरवळच्या क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यक महाविद्यालयातून शिकून आलेली मी, आणि हा तालुका संकरित गायींचा, संगमनेरी शेळ्यांचा, मेंढरांचा आणि ब्रॉयलरच्या शेडचा. पाऊस बेताचा, जमीन मुरमाड, घरात रोख पैसा येतो तो दुधाचा. रात्री-अपरात्री फोन वाजला तर तो वार पडली नाही म्हणून, नाहीतर गाय व्यायली आणि उठेना म्हणून. कुत्रं आलंच तर बिबट्याच्या तोंडातून सुटलेलं, मानेला भोकं पडलेलं. टाके घालताना त्याच्या खाण्यापिण्याची चौकशी कोण करतंय!

आता करावी लागते. सुप्याची एमआयडीसी वाढली, तिकडे फ्लॅट झाले, पुण्याच्या लोकांनी या बाजूला फार्महाउसं बांधली, कोरोनाच्या काळात कितीतरी मुलं घरून काम करायला म्हणून गावी आली आणि त्यातली काही राहिलीच. त्यांच्याबरोबर लॅब्रॅडॉर आले, जर्मन शेफर्ड आले, पर्शियन मांजरं आली. पाठोपाठ वादही आला: कच्चं मांस घालायचं की कंपनीचं खाद्य? दोन्ही बाजूंची माणसं मोबाइल पुढे धरूनच बोलतात. एकाच्या व्हिडिओत कंपनीचं खाद्य म्हणजे मक्याचा भुसा आणि कत्तलखान्यातला कचरा, दुसऱ्याच्या व्हिडिओत कच्चं मांस म्हणजे घरात बोलावून आणलेलं दुखणं. तालुक्यातली बहुतेक कुत्री मात्र यातल्या कुठल्याच पक्षात नाहीत. ती ताकात कुस्करलेली शिळी भाकरी खातात, भाताची खरवड खातात आणि बाकीचं आपलं आपण हुडकतात. ते हुडकलेलं काय असतं, हा या सगळ्यातला खरा प्रश्न. पण तो व्हिडिओत कुणी विचारत नाही.

लांडग्याचा दाखला मला हटकून ऐकावा लागतो. 'मॅडम, लांडगा काय पेडिग्री खातो का?' इथे कुठल्याही कंपनीच्या दाण्याला पेडिग्रीच म्हणतात. आमच्या माळावर लांडगा अजून आहे, तेव्हा दाखला अगदीच पुस्तकी नाही. पण कुत्रा हा लांडगा राहिलेला नाही. २०१३ साली स्वीडनमधल्या संशोधकांनी 'नेचर'मध्ये दाखवून दिलं की पिष्ट पचवणाऱ्या अमायलेजच्या जनुकाच्या लांडग्यात दोनच प्रती असतात, कुत्र्यात त्या कितीतरी पटींनी जास्त. माणसाच्या उकिरड्याच्या आधाराने हजारो वर्षं काढल्यावर भाकरी त्याच्या अंगी लागू लागली. मांजरीच्या लागली नाही. तिचं पुढे सांगते.

कंपनीचं खाद्यही काही कालपरवाचं नाही. जेम्स स्प्रॅट नावाच्या अमेरिकन गृहस्थाने १८६० च्या सुमारास लंडनमध्ये कुत्र्यांसाठी बिस्किटं काढली. गोदीवरची कुत्री जहाजावरची कडक बिस्किटं खाताना पाहून त्याला हे सुचलं म्हणतात. दुसऱ्या महायुद्धात पत्र्याच्या डब्यांची टंचाई झाली तेव्हा कोरड्या खाद्याला जोर आला, आणि १९५० च्या दशकात पीठ, मांसाचा चुरा आणि चरबी उष्णतेच्या व दाबाच्या यंत्रातून फुलवून काढलेले आजचे दाणे बाजारात उतरले. त्यावर उलटी लाट उठली ती ऑस्ट्रेलियातून. इयन बिलिंगहर्स्ट या पशुवैद्याचं 'गिव्ह युवर डॉग अ बोन' १९९३ साली आलं, टॉम लॉन्सडेल यांचं 'रॉ मीटी बोन्स' २००१ साली. लॉन्सडेल तर आमच्या व्यवसायावरच तुटून पडले: दाणे खाऊन कुत्र्यांच्या हिरड्या सडतात आणि पशुवैद्य कंपन्यांच्या पंगतीला बसून गप्प राहतात. हिरड्यांबद्दल त्यांचं म्हणणं सगळंच उडवून लावता येत नाही. घरातल्या लाडक्या पामेरियनचं तोंड उघडलं की वासाने मान फिरवावी लागते, आणि धनगराच्या वाड्यावरच्या कुत्र्याचे दात म्हातारपणीही पांढरे असतात. पंगतीचं म्हणाल तर माझ्या दवाखान्यातही पिशव्या विकायला आहेत आणि त्यावर मला पैसे सुटतात. माझं मत ऐकताना वाचकाने हे ध्यानात ठेवावं.

लॉन्सडेल यांचा सल्ला असा, की कोंबडी, ससा असं अख्खंच घाला. ते नसेल तर मांसल हाडं घाला, पण कच्ची. त्यांना मी भाळवणीकडच्या एका पोल्ट्रीवर न्यायला हवं. तिथे शेडच्या राखणीला तीन गावठी कुत्री आहेत आणि त्यांना कुणीही काहीही घालत नसे. ब्रॉयलरचा लॉट म्हटला की रोजची थोडी मर असतेच. सकाळी गडी मेलेले पक्षी गोळा करून खड्ड्याकडे निघायचा आणि त्यातले दोन-चार खड्ड्यापर्यंत पोचायचेच नाहीत. पिसं, हाडं, काळीज, आतडी, सगळं जायचं. पुस्तकात सांगितलेला आदर्श कच्चा आहार! कुत्र्यांची अंगं तेल लावल्यासारखी चमकायची. मालक मला म्हणायचा, 'मॅडम, तुम्ही त्या सुप्याच्या साहेबाला एवढं काय काय लिहून देता, आमच्याकडं बघा.' मी बघायचे. तो पक्षी कशाने मेला, मरायच्या आधी त्याला कुठलं अँटिबायोटिक पाजलं होतं, हे मात्र कुत्र्याच्या कातडीवर दिसत नाही.

त्या सुप्याच्या साहेबाचं सांगायला हवं. साहेब म्हणजे एका कारखान्यात नोकरीला लागलेला पोरगाच. गाव याच तालुक्यातलं, वडिलांच्या गोठ्यात आठ-दहा गायी. त्याने हौसेने जर्मन शेफर्डचं पिल्लू आणलं. पाच महिन्यांचं असताना वडीलच ते घेऊन आले, कारण पोराला सुट्टी नव्हती. पिल्लू चालत आलं नाही, पिकअपमधून उचलून आणलं. पुढचे पाय मनगटापाशी बाहेर वळलेले, पंजे फताडे पडलेले, उभं केलं की अंग थरथरायचं. मागच्या मांडीला नुसता हात लावला तर ओरडलं. मी खुर्चीच्या पायाशी बसून त्याच्या बरगड्यांवरून बोट फिरवलं. जिथे बरगडीचं हाड कुर्चेला मिळतं तिथे गाठी लागत होत्या. नगरहून एक्स-रे काढून आणायला सांगितला. फिल्म उजेडासमोर धरली तर हाडं आणि आजूबाजूचं मांस यांच्या रंगात फारसा फरकच नव्हता, आणि मांडीच्या हाडाला बारीक मोड होती. पडल्याचं, मार लागल्याचं घरात कुणाला आठवत नव्हतं. अशी हाडं नुसत्या उडी मारण्याने मोडतात.

'खायला काय घालता?'

'ते तर एक नंबर घालतो. बोनलेस चिकन, कच्चं. रोज. आणि अंडी. पोरगं म्हणतं हाडं घशात अडकतात, म्हणून बोनलेसच. आमच्या पगाराच्या दिवशी आम्हाला नाही, पण त्याला आहे.'

मांसात प्रथिनं भरपूर असतात हे सगळ्यांना ठाऊक असतं. त्यात कॅल्शियम जवळजवळ नसतं आणि फॉस्फरस त्याच्या पंधरा-वीस पट असतो, हे कुणी सांगत नाही. वाढत्या पिल्लाला दोन्ही साधारण बरोबरीने, कॅल्शियम थोडं वरचढ, असं लागतं. ते ताटातून मिळालं नाही की रक्तातलं प्रमाण टिकवायला शरीर स्वतःच्याच हाडातून काढत राहतं. लांडगा नुसतं बोनलेस खात नाही. हाड चावतो, त्यातून त्याचा हिशोब जमतो. या पोराने लांडग्याचं मांस उचललं आणि हाड सोडून दिलं.

वडिलांना समजवायला मला दोन मिनिटंही लागली नाहीत. व्यालेली गाय थंड पडली, मान पोटाकडे वळवून बसली की मी येऊन शिरेतून कॅल्शियमची बाटली लावते आणि अर्ध्या तासात गाय उठते, हे त्यांनी किती वेळा पाहिलेलं. त्यांनी माझ्यासमोरच फोन लावला. 'अरे, गायीला मिनरल मिक्श्चर घालतो आपण, पोतं कुठंय तुला म्हायतंय. ह्याला काय घातलं? नुसतं मटेरियल?' पलीकडून काय उत्तर आलं ते कळलं नाही.

त्या वेळी मी पिशवीतलं पिल्लांचं खाद्य लिहून दिलं. उगाच वरून कॅल्शियमची पावडर ओतायला सांगितलं नाही, कारण मोठ्या जातीच्या पिल्लाला कॅल्शियम जास्त झालं तरी सांधे बिघडतात. पिल्लाला खोलीत बंद ठेवलं, उड्या थांबवल्या आणि काही आठवड्यांत त्याने अंग धरलं. पाय थोडे वाकडे राहिले. अशा वेळी चांगल्या कंपनीच्या दाण्याला तोड नाही, हे मी कुणाचीही भीड न ठेवता सांगते. कॅल्शियम, फॉस्फरस, झिंक, जीवनसत्त्वं तिथे तोलून घातलेली असतात. घरी तो तोल सांभाळणं शक्य आहे, पण त्यासाठी वजनकाटा लागतो आणि रोजचा कंटाळा न करणारं माणूस लागतं.

पिशवीने आणखी एका घरचा पेच सोडवला, त्याकडे शहरातल्या लेखकांचं लक्ष जात नाही. ते घर माळकऱ्याचं. आमच्याकडे वारकरी घरं पुष्कळ, चुलीवर अंडंसुद्धा चालत नाही. नातवाने मांजर आणली की तिचं सगळं दूध-पोळीवर. गावातल्या मांजरीला ते चालून जातं, कारण ती रात्री कणगीमागचे उंदीर खाऊन आपली भर करून घेते. दार-खिडक्या बंद असलेल्या घरातली मांजर उंदीर कुठून आणणार? मांजरीच्या शरीराला टॉरिन नावाचं द्रव्य स्वतःला पुरेसं तयार करता येत नाही. ते मांसातूनच मिळावं लागतं; न मिळालं तर डोळ्याचा पडदा खराब होतो, हृदय ढिलं पडून फुगतं. आजोबांना हे सांगितलं तर ते म्हणाले, 'मग ती पिशवी पडवीत ठेवा, वाटी वेगळी करा, आणि त्यात काय आहे ते मला वाचून दाखवू नका.' मांजर नीट आहे. आजोबाही.

हे टॉरिनचं प्रकरण कंपन्यांना मात्र फार महागात पडून कळलं होतं. १९८७ साली अमेरिकेत पॉल पायन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'सायन्स'मध्ये दाखवलं की तयार खाद्यावर वाढलेल्या मांजरांची हृदयं टॉरिनच्या कमतरतेने निकामी होत होती. त्या पिशव्यांवर 'संपूर्ण आहार' असंच छापलेलं होतं. त्यानंतर कंपन्यांनी टॉरिन वाढवलं आणि तो आजार जवळपास दिसेनासा झाला. २००७ साली चीनमधून आलेल्या गव्हाच्या ग्लुटेनमध्ये मेलामाइन निघालं, आणि अमेरिकेत कुत्र्या-मांजरांची मूत्रपिंडं निकामी झाली. तेव्हा पिशवीवरही डोळे मिटून विश्वास ठेवू नये. आमच्याकडे तर पिशवीच्या पुढचाही एक घोळ आहे: मोठं पोतं फोडून सुटं विकायचं. किराणा दुकानात तांदळाच्या शेजारी दाण्यांचं तोंड उघडं पोतं, त्यात ॲल्युमिनियमचा मापटा, पावसाळ्याची हवा. दाण्यावर फवारलेली चरबी खवट होते, मक्याच्या अंशाला बुरशी धरते. बुरशी लागलेल्या मक्याने गायीचं दूध तुटतं हे इथल्या शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. तोच माणूस कुत्र्यासाठी मात्र स्वस्त पडतं म्हणून सुटं घेऊन जातो.

शिजवलेल्या हाडांचा वेगळाच मोसम असतो. आखाड संपत आला की घरोघर बोकड, कोंबड्या. दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्यासमोर रांग. कुकरमध्ये शिजलेलं हाड चावलं की कडा धारदार होऊन फुटतं, आणि त्याचा चुरा आतड्यात जाऊन बसला तर शेणाऐवजी खडू निघतो. एका स्पिट्झला आणलं ते तोंडातून लाळ गाळत, पंजाने गाल ओरबाडत; मालकाला वाटलं पिसाळलं. हातमोजे घालून जबडा उघडला तर बरगडीचा तुकडा टाळूला आडवा, दोन्हीकडच्या दाढांच्या मध्ये घट्ट बसलेला. चिमट्याने एक टोक दाबलं, टक् आवाज झाला, आणि कुत्र्याने मला चावायच्या आधी मी हात काढून घेतला.

हे सगळं त्या-त्या कुत्र्यापुरतं. पण पारनेरात कच्च्या मांसाची गोष्ट कुत्र्यापाशी थांबत नाही, आणि माझं जे काही म्हणणं आहे ते इथून सुरू होतं.

धवळपुरी हे आमच्या तालुक्यातलं धनगरांचं मोठं गाव. दिवाळीनंतर त्यांचे वाडे, म्हणजे मेंढरांसकटचे तळ, कोकणाकडे उतरतात, पावसाळ्याच्या तोंडाशी परत येतात. वाड्याबरोबर कुत्री असतातच; लांडग्यासाठी, बिबट्यासाठी, चोरासाठी. माळावर एका वाड्यावर मी मेंढरांना लस टोचायला गेले होते. आदल्या रात्री एक म्हातारी मेंढी मेली होती आणि ती सोलणं चाललं होतं. पोट उघडलं. काळजावर तीन-चार पांढुरके फुगे, लिंबाएवढे, निम्मे आत रुतलेले. फुफ्फुसावरही तसेच. वाड्यावरच्या बाबांनी सुरीने फुग्यांचा भाग कापला आणि न बघता मागे टाकला. तो जमिनीला लागलाच नाही.

एक फुगा मी मागून घेतला. ताटलीत ठेवून टोचला तर स्वच्छ पाण्याची चिळकांडी उडाली. आतलं पांढरं पातळ आवरण उलटवून दाखवलं; पाण्याच्या तळाशी रव्याहून बारीक कण जमले होते. या एकेका कणातून कुत्र्याच्या आतड्यात एकेक पट्टकृमी तयार होतो, लांबी तीन ते सहा मिलिमीटर, असे हजारोंनी. साधारण सहा-सात आठवड्यांत त्यांची अंडी विष्ठेतून पडायला लागतात. गवतावर पडली की मेंढीच्या पोटात, आणि पुन्हा काळजावर फुगा. कुत्र्याच्या केसांना चिकटली, त्याच्या अंगावर लोळणाऱ्या पोराच्या हाताला लागली, की पोराच्या काळजात. माणसात हा फुगा वर्षानुवर्षं हळूहळू वाढतो, भलत्याच कारणासाठी केलेल्या सोनोग्राफीत सापडतो आणि बहुतेकदा ऑपरेशनपर्यंत जातं. पोटात फुटला तर जिवावर बेततं. डॉक्टर त्याला हायडॅटिड म्हणतात.

आणि कुत्रा? कुत्र्याला काहीही होत नाही. बाबा तेच म्हणाले, 'ताई, त्याला काय झालंय? दगड पचवंल.' ते खरंच होतं. कच्च्या मांसाच्या बाजूने बोलणारा प्रत्येक जण मला त्याच्या कुत्र्याची चमकती कातडी दाखवतो, आणि या कृमीच्या बाबतीत कातडी बघून काहीच कळत नाही.

पोराच्या काळजाची गोष्ट बाबांना लांबची वाटली. मी मेंढराची काढली. 'तुमच्यात एखादं मेंढरू एका अंगाला गरागरा फिरतं, मान वाकडी करतं, चरायचं सोडतं, असं होतं का?' होतं तर. दर साली एखाद-दुसरं. तो या कृमीचाच चुलतभाऊ; मेलेल्या मेंढीचं डोकं कुत्र्याने फोडून खाल्लं की त्याच्या आतड्यात वाढतो आणि गवतातून परत मेंढराच्या मेंदूत जातो. बाबा हातातली सुरी पुसत थांबले. जवळच्या पोराला म्हणाले, 'मुंडकं कुठं टाकलंस रे?' मी आणलेलं प्राझिक्वांटेल त्या दिवशी वाड्यावरच्या सगळ्या कुत्र्यांना गेलं. भाकरीच्या तुकड्यात गोळी दाबून, मालकानेच घातलं. माझ्या हातून त्यातलं एकही कुत्रं काही खायला तयार नव्हतं. पुढचे दोन-तीन दिवस त्यांची विष्ठा उचलून पुरायला सांगितलं, कारण औषध कृमी मारतं, अंडी मारत नाही.

न्यूझीलंड हा मेंढ्यांचा देश. तिथे १९५९ साली हायडॅटिडविरुद्ध कायदा झाला. कुत्र्याला कच्चं काळीज-फुफ्फुस घालणं बेकायदा ठरलं, आणि शेतावरची कुत्री ठरलेल्या जागी रांगेने बांधून त्यांना औषध पाजलं जायचं. ते औषध अरेकोलीन, म्हणजे आपल्या सुपारीतलं द्रव्य. जोरदार जुलाब व्हायचे आणि कृमी बाहेर पडायचे. आपल्याकडचे जुने लोक कुत्र्याला जंतांसाठी सुपारीची पूड द्यायचे, ते काही उगाच नव्हतं. नंतर प्राझिक्वांटेल आलं आणि काम सोपं झालं. २००२ साली त्या देशाने रोगमुक्तीची तात्पुरती घोषणा केली. चार दशकं लागली, आणि मुख्य गोष्ट औषधाइतकीच कुत्र्याच्या ताटाची होती.

सुप्याच्या त्या पोराचं कुत्रं मोठं झाल्यावर तो पुन्हा आला, या वेळी तयारी करून. कागदावर कोष्टक: मांस एवढं, कच्चं मांसल हाड एवढं, आणि दहा टक्के अवयव, त्यात निम्मं काळीज. कच्च्या आहाराच्या पुस्तकांतून फिरणारं हेच प्रमाण. हिशोब चुकीचा नव्हता; काळजातून जीवनसत्त्व ए आणि तांबं मिळतं. मी विचारलं, 'काळीज कुणाचं आणतोस?' 'शेळीचं. बाजारातल्या खाटकाकडून. फुफ्फुस तर तो फुकट देतो.' परदेशात ज्याने हे कोष्टक लिहिलं त्याच्यासमोर कत्तलखान्यात तपासून, शिक्का मारून, गोठवून आलेलं काळीज होतं. पारनेरच्या बाजारात झाडाखाली कापलेल्या शेळीचं काळीज कुणी तपासत नाही. कोष्टक तेच, पण त्यातून माळावरचा फुगा सुप्याच्या फ्लॅटमध्ये, त्याच्या वर्षाच्या पुतणीच्या शेजारी येतो. त्याला मी एवढंच सांगितलं: काळीज, फुफ्फुस, मुंडी अर्धा-पाऊण तास उकळल्याशिवाय नाही, मांस घालायचंच तर आधी काही दिवस डीप फ्रीजरमध्ये, आणि जंताची गोळी दर सहा आठवड्यांनी, तारीख लिहून.

कोंबडीचं तो म्हणाला सोडा, तिच्यात तर हा कृमी नसतो. नसतो. पण डिसेंबर २०२४ मध्ये नागपूरच्या गोरेवाड्यात तीन वाघ आणि एक बिबट्या गेले, भोपाळच्या प्रयोगशाळेने बर्ड फ्लू सांगितला, आणि संशयाची सुई खाण्याकडे गेली. पाठोपाठ जानेवारीत मध्य प्रदेशात छिंदवाड्याच्या पाळीव मांजरांतही तो सापडला. कच्च्या आहाराचे पुरस्कर्ते वाघाचं नाव घेतात म्हणून सांगते, वाघालाही सोसलं नाही. भाळवणीच्या शेडवर मी तेव्हा मुद्दाम जाऊन आले. मर आता झाकणाच्या खड्ड्यात जाते. कुत्री भाकरीवर आली आहेत आणि माझ्याकडे रागाने बघतात.

घरच्या कुत्र्यांना काय घालू, असं विचारणाऱ्यांना मी आजकाल ज्वारी-बाजरीची भाकरी, उकडलेलं चिकन किंवा अंडी, थोडी शिजवलेली भाजी आणि वजनावर मोजून दिलेली खनिजांची पूड असं लिहून देते. ज्यांना तेवढा वेळ नाही त्यांना बंद पिशवी. पोतं फोडून सुटं मी विकत नाही. मांजरवाल्यांशी मात्र वाद घालत नाही. तिथे पिशवीच, किंवा मांस मुबलक.

बाकी राहिला तो बाजारातला खाटीक. फुगे आलेलं फुफ्फुस गिऱ्हाईक घेत नाही, मग ते मागच्या बाजूला जातं आणि तिथे दहा-बारा कुत्री बसलेलीच असतात. त्याला एक झाकणाचा डबा घ्यायला लावला. डबा भरला की तो मागेच रिकामा करायचा! मग खड्डा सुचवला, वर चुना. त्याचं म्हणणं, खड्डा केला तर कुत्री उकरतात. खरं आहे, उकरतात. तेव्हा खड्डा कमरेएवढा खोल घ्यायचा आणि वर मोठे दगड ठेवायचे, असं ठरलंय. दगडांची पारनेरात काही कमी नाही.